अबोल मुलासाठी बोलका फोन



मूल तीन वर्षांचे झाले आणि तरी तोंडातून शब्द फुटत नाही, की घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते : “त्याचा बाप बी उशिराच बोलला होता, हे बी बोलन.” आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तुम्ही घाटंजीला जा की उमरखेडला, झरी जामणीकडच्या कोलामांच्या पोडावर जा की पुसदकडच्या तांड्यावर, बोली बदलेल, वाक्य तेच राहील. ते अगदीच चूक आहे असे नाही. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि मग थांबता थांबत नाहीत. पण काही मुलांची गोष्ट निराळी असते. ती निराळी आहे हे कळेपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जातात. मग अंगारा होतो, मग भगत होतो, मग नागपूरचा मोठा दवाखाना होतो, आणि तोवर मूल सहा-सात वर्षांचे झालेले असते. लहानपणी जे शिकवणे सोपे असते तेच पुढे जड होऊन बसते. अशा मुलांविषयी, आणि हल्ली घरोघरी पोहोचलेला मोबाईल फोन त्यांच्या कामी कसा आणता येईल याविषयी, आज बोलायचे आहे.

या मुलांच्या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर मंडळी ऑटिझम म्हणतात. शब्दावरून असे वाटते की, मूल आपल्याच तंद्रीत आहे, जगाशी त्याला काही देणेघेणे नाही. शब्द थोडा फसवा आहे. त्या मुलालाही आई हवी असते, खाऊ हवा असतो, खेळ हवा असतो. पण दुसऱ्याशी संधान बांधण्याची जी वाट इतर मुलांना आपोआप सापडते, ती त्याला सापडत नाही. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची हकीकत लिहिली, आणि तेव्हापासून या अवस्थेचा वेगळा अभ्यास सुरू झाला. ती जन्मापासूनची, मेंदूच्या घडणीतली तऱ्हा आहे. कुणात ती थोडी असते, कुणात पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. हे प्रमाण दोन हजार वस्तीच्या गावाला लावून पाहा. लहानमोठी मिळून पंधरा-सोळा माणसे होतात. गावात कुणाला ‘येडं’ म्हणतात, कुणाला ‘मुकं’ म्हणतात, कुणाला नुसतेच ‘हट्टी’ म्हणतात. त्यांतली काही याच जातीची असतात.

येथे मातांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. एके काळी, विशेषतः १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, परदेशातील मोठमोठे विद्वानसुद्धा असे म्हणत की आईने माया लावली नाही म्हणून मूल असे झाले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. तिकडे ते मत केव्हाच मोडीत निघाले, पण आपल्याकडे अजून सासू सुनेला तेच ऐकवते : गरोदरपणी हे खाल्ले, ते पाहिले, पोराला घेऊन बसली नाही, वावरात गेली. वावरात गेल्याने मूल स्वमग्न होत नाही. गोवराच्या लशीनेही होत नाही. लशीची ती आवई १९९८ साली इंग्लंडातील एका लेखाने उठवली होती, आणि ‘लॅन्सेट’ या ज्या नियतकालिकात तो छापला होता त्यानेच २०१० साली तो मागे घेतला. तेव्हा लस चुकवू नका. गोवर हा खरा रोग आहे.

मग ओळखायचे कशावरून? बोलण्यावरच सगळी नजर ठेवू नका. त्याच्या आधीच्या खुणा पाहा. आकाशात विमान गेले किंवा दारात गाय आली की वर्षा-सव्वा वर्षाचे मूल बोट दाखवते, आणि लगेच आईच्या तोंडाकडे पाहते, जणू विचारते, ‘तू पाहिलंस का?’ हे बोट दाखवणे फार मोलाचे आहे. स्वमग्न मुलात ते उशिरा येते किंवा येतच नाही. पाणी हवे असेल तर ते आईचा हात धरून माठापर्यंत ओढत नेते, पण तिच्याकडे पाहत नाही. नाव घेऊन हाक मारली तर वळत नाही. मात्र बिस्किटाचा पुडा दुसऱ्या खोलीत फाडला तरी धावत येते. गाडीशी खेळण्याऐवजी गाडी उलटी करून तासन्‌तास चाक फिरवत बसते. मिक्सर लावला, ताशा वाजला, की कानांवर हात ठेवून किंचाळते. यांतली एखादी खूण दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण बारा महिने झाले तरी मूल बडबडत नाही, टाटा करत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘माय, दे’ असे दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचे थांबले, तर थांबू नका.

पहिल्याने कान तपासून घ्या. ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे असते. वाढीतली दिरंगाई पाहणे हे त्या पथकाच्या कामातच मोडते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. उलट अंगणवाडीताईंना आधी सांगून ठेवा की आमच्या या पोराला नीट पाहायचे आहे. जिल्ह्याच्या गावी श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे बालरोग, कान-नाक-घसा आणि मानसोपचार या विभागांत तपासणी होऊ शकते.

आता फोनाकडे वळू. बोलणे म्हणजे केवळ तोंडाने शब्द काढणे नव्हे, हे आपण खेड्यातली माणसे चांगले जाणतो. बैलाला बोलता येत नाही, पण धन्याला त्याची तहान कळते. बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत, तेही बोलणेच होते. ज्या मुलाला तोंडाचे शब्द साधत नाहीत त्यालाही काही सांगायचे असतेच, आणि सांगता आले नाही म्हणजे ते ओरडते, डोके आपटते, चावते. लोक म्हणतात, ‘पोट्टं मारकं झालं.’ मारके झाले नाही हो. त्याच्यापाशी दुसरा उपायच उरला नाही. दाढ दुखते हे सांगता न येणाऱ्या माणसाने करावे तरी काय?

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे चित्र. बऱ्याच स्वमग्न मुलांना कानांवर पडून विरून जाणाऱ्या शब्दापेक्षा डोळ्यांपुढे स्थिर राहणारे चित्र लवकर उमगते. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या बाई आहेत. त्यांचा जन्म १९४७ सालचा. लहानपणी साडेतीन-चार वर्षांपर्यंत त्या बोलत नव्हत्या. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या, आणि गुरे न बुजता, न भेदरता पुढे सरकतील असे कोंडवाडे आणि वाटा त्यांनी आखून दिल्या. आपण शब्दांनी विचार करीत नाही, चित्रांनी करतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सगळीच मुले अशी प्राध्यापक होतात असे मी सांगत नाही. तशी आशा लावणे हे त्या मुलांवर दुसरे ओझे आहे. पण चित्राची वाट किती जणांना खुली असते हे त्यावरून समजते.

१९८५ साली अमेरिकेतच अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवघेवीची एक रीत बसवली. मुलाने केळ्याचे चित्र उचलून आईच्या हातात द्यायचे आणि आईने लगेच केळे द्यायचे. इतके साधे. पण त्यात एक मोठी गोष्ट घडते : मूल वस्तूकडे न जाता माणसाकडे येते. पुढे स्पर्शाने चालणारे फोन आले आणि चित्राला आवाज मिळाला. चित्रावर बोट ठेवले की फोन बोलतो. आपल्या देशात चेन्नईच्या अजित नारायणन यांनी ‘आवाज’ नावाचे असे साधन तयार केले. त्याची सुरुवात तेथील ‘विद्यासागर’ या संस्थेतील मुलांबरोबर काम करताना झाली. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये, तेथील आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात, ‘जेलो’ नावाचे ॲप तयार झाले. ते फुकट मिळते आणि त्यात मराठीही आहे. चित्रे आपल्याकडची आहेत. मधोमध खाणे, खेळ, माणसे, जागा, मदत अशी चित्रे, आणि दोन्ही कडांना आवडते-नावडते, होय-नाही, आणखी-कमी अशी सहा बटणे. खाण्यातले एखादे चित्र दाबून मग ‘आवडते’ दाबले तर फोन पूर्ण वाक्य म्हणतो. ‘आणखी’ दाबले तर आणखी मागतो. म्हणजे एकाच चित्रातून सहा तऱ्हांची बोलणी निघतात.

ॲप उतरवून घेतले, फोन मुलाच्या हाती दिला, झाले काम, असे मात्र समजू नका. येथेच बहुतेक घरे फसतात. ट्रॅक्टर दारात आणून उभा केला म्हणजे वखरणी होते का? समजा, चार वर्षांचा एक पोरगा आहे. बोलण्याच्या सोयीसाठी त्याला गणू म्हणू. गणूच्या आईने पहिले पंधरा दिवस गणूला काही विचारायचेच नाही. आपणच बोलायचे आणि बोलता बोलता चित्रावर बोट ठेवायचे. पाणी देताना तोंडाने ‘पाणी’ म्हणायचे आणि पाण्याचे चित्र दाबायचे. भाकर वाढताना भाकरीचे. लेकरू जसे आधी वर्षभर ऐकते आणि मग बोलते, तसेच या चित्रांच्या भाषेचेही आहे. आधी ती कोणीतरी आपल्यासमोर बोलताना दिसली पाहिजे. मग एके दिवशी पेला समोर धरावा, फोन जवळ ठेवावा, आणि वाट पाहावी. मनात दहापर्यंत अंक मोजावेत. आपण मोठी माणसे इतके थांबत नाही. दोन अंक होतात तोच ‘बोल ना, काय पाहिजे, पाणी पाहिजे का’ असा भडिमार सुरू करतो. थांबा. गणूचे बोट चुकून जरी पाण्यावर पडले तरी पाणी लगेच द्या आणि आनंदाने म्हणा, “हो, पानी!” बोट पडले नाही तरी पाणी द्याच, तुम्ही चित्र दाबून द्या. तहानलेल्या पोराला चित्र दाबेपर्यंत ताटकळत ठेवणे ही शिकवणी नव्हे.

आणखी एक. ‘हे काय आहे? ते काय आहे? गाय दाखव, कुत्रा दाखव,’ अशी परीक्षा घेऊ नका. पाहुणे आले की पोराला उभे करून चित्रे दाबायला लावण्याची हौस काही वडिलांना असते. त्याने मूल फोनालाच कंटाळते.

आता घरातील वडीलधारी म्हणतील, फोन बोलू लागला तर हा तोंडाने कशाला बोलेल? आळशी होईल. शंका रास्त आहे आणि पुष्कळ डॉक्टरांनाही ती पूर्वी होती. म्हणून तपासून पाहिले गेले. अमेरिकेत कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांची, जवळजवळ न बोलणारी ६१ स्वमग्न मुले घेतली. सगळ्यांना सहा महिने खेळातून बोलणे शिकवले. त्यांपैकी काहींना जोडीला बोलणारे साधन दिले. २०१४ साली निष्कर्ष छापला : ज्यांना साधन दिले होते ती मुले तोंडानेही अधिक बोलली. म्हातारपणी काठी घेतली म्हणजे पाय लुळे पडत नाहीत. उलट माणूस चार घरे अधिक फिरतो. तसेच काहीसे हे आहे. प्रत्येक मूल बोलेलच असे मात्र कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही मुले आयुष्यभर चित्रांनीच बोलतील, आणि तेही बोलणेच असेल.

शहरातली पुस्तके लिहिणारे एक अडचण विसरतात. आपल्याला ती रोजचीच आहे. घरात फोन एक, आणि तो बापाच्या खिशात. बाप सकाळी वावरात किंवा वणीच्या खाणीवर गेला की पोराचे तोंडही त्याच्याबरोबर गेले. कापूस वेचणीच्या दिवसांत तर आईही दिवसभर घरी नसते. त्यात वीज गेली, फोन उतरला. यावर दोन उपाय आहेत. घरात किंवा नात्यात एखादा जुना, काच तडकलेला फोन पडलेला असेल तर त्यात सिम न घालता फक्त हे एक ॲप ठेवावे, आणि तो फोन त्या मुलाचाच समजावा. दुसरा उपाय अधिक भरवशाचा. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, चार बोटे रुंदीचे तुकडे कापा, त्यांवर तीच चित्रे काढा किंवा फोटो चिकटवा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि भोक पाडून दोरीत ओवा. ही माळ खुंटीला अडकवावी, वावरात न्यावी, अंगणवाडीत पाठवावी. तिला चार्जिंग लागत नाही. माझे तर मत असे की, आधी ही माळ करा, ती चालू लागली की मग फोन आणा. ज्या घरात कागदाची चित्रे चालत नाहीत त्या घरात फोनही चालत नाही, कारण अडते ते चित्रावर नव्हे, जवळ बसणाऱ्या माणसावर.

आणि ज्या फोनावर पोरगे बोलायला शिकते त्याच फोनावर त्याला गाणी आणि कार्टून लावून देऊ नका. मूल स्वस्थ बसते म्हणून आपण फोन देतो. ते बसतेही, चार-चार तास बसते. पण त्या चार तासांत ते कुणाशीही संधान बांधत नाही, आणि त्याला नेमकी गरज तर त्याचीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की वर्षा-सव्वा वर्षाच्या बालकाला पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून अधिक नको. बोलण्याचे ॲप त्या हिशेबात धरण्याचे कारण नाही, तो त्याचा आवाज आहे. पण दोन्ही एकाच फोनात आले की मूल बोलणे सोडून गाण्याकडे धावते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवण्याची सोय असते. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा, तो करून देईल.

भाषेचेही पाहिले पाहिजे. ॲप पुस्तकी मराठीत म्हणते, ‘मला पाणी हवे आहे.’ आपल्या घरात म्हणतात, ‘मले पानी पायजे.’ तांड्यावर गोरमाटी बोलतात, पोडावर कोलामी, आणि गोंडी बोलणारी घरेही थोडी नाहीत. ज्या मुलाला एक भाषा धरणे अवघड जाते त्याच्यापुढे घरात एक, फोनात दुसरी, शाळेत तिसरी, असा गोंधळ उभा करणे बरे नव्हे. काही ॲपमध्ये आपण काढलेला फोटो घालता येतो आणि आपला आवाजही भरता येतो. तेथे गणूच्या मोठ्या भावाचा किंवा बहिणीचा आवाज भरावा, घरच्याच बोलीत. फोटोही आपल्याच माठाचा, आपल्याच आबाजीचा असावा. आणि कोणी शिकलेला पाहुणा सांगू लागला की घरची बोली सोडा, नुसते शुद्ध मराठी बोला म्हणजे पोरगा लवकर बोलेल, तर ऐकू नका. आई ज्या भाषेत चुचकारते त्या भाषेतूनच मूल माणसांत येते.

बोलण्याखेरीज फोनाचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे पुढे काय होणार हे दाखवणे. या मुलांना अचानकपणाचा धाक असतो. रोजची वाट सोडून दुसऱ्या वाटेने शाळेत नेले तरी ती कासावीस होतात. म्हणून दिवसाची कामे ओळीने चित्रांत लावून ठेवावीत : दात घासणे, अंघोळ, जेवण, शाळा, झाले की ते चित्र काढून घ्यावे. पोळ्याचेच घ्या. बैलांची गर्दी, डफडी, ताशे, गुलाल. गणूसाठी तो दिवस म्हणजे मोठे संकट. मागच्या पोळ्याचे फोटो फोनात असतीलच. ते आठ दिवस आधीपासून रोज दाखवावेत आणि दोन-तीन साध्या वाक्यांत सांगावे : बैल येतील, वाजा वाजेल, आपण दुरून पाहू, मग घरी येऊ. अशा गोष्टी सांगण्याची रीत कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९१ पासून रूढ केली. तसेच एखादे काम शिकवायचे असेल, शर्टाची गुंडी लावणे किंवा हात धुणे, तर त्याच्याच भावाला ते करताना अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून दाखवावे. समोर उभे राहून शंभरदा सांगण्याने जे होत नाही ते कधी कधी या चित्रणाने होते. कारण चित्रण दर वेळी तस्सेच असते. ते चिडत नाही, आवाज चढवत नाही.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात असे मूल आले तर ‘माझे प्रशिक्षण नाही’ म्हणून त्याला मागे बसवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत त्यांत स्वमग्नता आहे, आणि ठरलेल्या प्रमाणाइतके किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०२२ साली एन. सी. ई. आर. टी. ने ‘प्रशस्त’ नावाचे ॲप काढले. त्यात या २१ प्रकारांच्या खुणा विचारल्या आहेत. वर्गशिक्षकाने त्या भरायच्या, मग विशेष शिक्षकाने पुन्हा पाहायचे. तुमच्या पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारी मंडळी असतात, त्यांना गाठा. मात्र एक जपा : ॲपात खुणा जुळल्या म्हणून पालकांना ‘तुमचा मुलगा ऑटिस्टिक आहे’ असे सांगून मोकळे होऊ नका. ते डॉक्टरांचे काम. ‘आम्हाला काही खुणा दिसल्या, तपासून घेऊ, मी बरोबर येतो,’ इतके म्हणा. दिल्लीत स्टार्ट नावाचे एक ॲप तपासले गेले. विशेष शिक्षण न घेतलेल्या आरोग्य सेविकांनी ते गरीब वस्त्यांत घरोघर नेले, आणि दोन ते सात वर्षांच्या १३१ मुलांनी फुगे फोडणे, रंग भरणे असे खेळ त्यावर खेळले. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. तज्ज्ञ जेथे पोहोचत नाहीत तेथे फोन निदान ‘हे मूल आधी पाहा’ एवढे सांगू शकेल, अशी आशा त्यातून दिसते. निदान मात्र त्यातही माणसानेच करायचे आहे.

वर्गातली इतर पोरे हेच त्या मुलाचे खरे मास्तर. फोन किंवा चित्रांची माळ फक्त गुरुजींच्या टेबलावर राहिली तर मूल फक्त गुरुजींशी बोलेल, तेही गुरुजींना सवड असेल तेव्हा. ती चित्रे दोन-तीन पोरांना वापरायला शिकवा. लहान पोरे हे एका दिवसात उचलतात. त्यांना त्यात खेळ दिसतो.

या मुलांच्या आईबापांना फसवणारेही पुष्कळ आहेत. ‘सहा महिन्यांत स्वमग्नता घालवतो’ अशी जाहिरात फोनावर दिसली की समजावे, येथे पैशाचा खेळ आहे. स्टेम सेल नावाचे महागडे इंजेक्शन देण्याचा धंदा मोठ्या शहरांत चालला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ साली स्पष्ट सांगितले की स्वमग्नतेवर या उपचाराची शिफारस करता येत नाही. त्यासाठी वावर गहाण टाकू नका. फुकटातल्या ॲपबद्दलही सावध असावे. बोलणे शिकवता शिकवता मधेच जाहिरात येत असेल, किंवा ॲप मुलाचे नाव, फोटो, चित्रण मागत असेल, तर ते काढून टाका. पैसे खर्च करायचेच असतील तर वाचा आणि वर्तन शिकवणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडे जाण्यायेण्यावर करा. आणि महिन्यातून एकदा जमले तरी चालेल. त्यांनी दाखवलेले घरी रोज करायचे असते.

सरकारी कागदही करून ठेवा. तपासणीत ‘इसा’ या भारतीय मापनाचे चाळीस प्रश्न विचारतात. त्यांचे गुण ४० पासून २०० पर्यंत होतात, ७० किंवा त्याहून अधिक असले तर स्वमग्नता धरतात. त्यावरून प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत अशा मुलाला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे आणि त्यात वाचा-उपचारासारखा खर्चही बसतो. आईबाप स्वतःच खचून गेले असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

सुरुवात कोणत्या चित्रांपासून करावी, असे नेहमी विचारतात. शंभर चित्रे एकदम नकोत, सहा घ्या. पाणी, जेवण, त्याच्या सर्वांत आवडीचा एक पदार्थ, त्याच्या आवडीचा एक खेळ, ‘आणखी’, आणि सहावे ‘नको’. हे सहावे चित्र बहुतेक घरे गाळतात. पोराने ‘नको’ म्हणायला शिकावे असे कोणाला वाटते? पण चावणे, आपटणे, पळून जाणे यांतले पुष्कळ प्रकार म्हणजे न बोलता म्हटलेले ‘नको’च असते. तळहात आडवा धरल्याचे चित्र काढा, लाल रंगाने. नावडती भाजी पुढे आली आणि पोराने ताट लोटायला हात उचलला की, तो हात ताटाला लागायच्या आत धरून लाल चित्रावर ठेवा, फोन ‘नको’ म्हणेल, आणि तुम्ही त्याच क्षणी ताट मागे घ्या. पहिल्या काही दिवसांत ‘एवढा एकच घास खा’ म्हणू नका. नको म्हटले की खरोखर थांबतात, हे त्याला आधी दहा-वीस वेळा दिसू द्या. भाजीचे पुढे पाहता येईल.